अंडं नेमकं कुणाचं?

परसातल्या कोंबड्यांविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या बाई पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्या असून सातारा जिल्ह्यात स्वतः कोंबड्या पाळतात.

प्रश्न : आम्ही दोघी जावा. खुराडं एकच, कोंबड्या आपापल्या. माझ्या तीन आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड), दोन गावठी आणि लेअर फार्मवरून जुनी म्हणून स्वस्तात आणलेली एक पांढरी लेगहॉर्न. जाऊबाईंच्या दोन वनराज आणि दोन कडकनाथ. दिवसाला सहा-सात अंडी निघतात. सासूबाई दुपारी एकदाच टोपली भरून आणतात आणि निम्मी-निम्मी वाटून देतात. जाऊबाई म्हणतात, मोठी तपकिरी अंडी वनराजची. मी म्हणते, आर.आय.आर.ची. कडकनाथचं अंडं चढ्या भावाने जातं, त्यामुळे लहान अंड्यांवरूनही रोज कुरबुर. सासूबाईंचं म्हणणं, जी कोंबडी अंड्यावरून उठली तिचंच ते अंडं. खात्रीची रीत सांगा. — एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : ताई, सासूबाईंचा मान राखून सांगते, त्यांचा नियम सोडून द्या. कोंबडीला आधीच अंडं असलेल्या जागी अंडं घालायला आवडतं. तुम्ही चार खोकी मांडा, त्या सगळ्या एकाच खोक्यापुढे ताटकळत उभ्या राहतील. मागची आत शिरते, पुढचीच्या अंड्यावर बसते, स्वतःचं घालते आणि उठते. त्यात एखादी खुडुक, म्हणजे उबवायला बसलेली असेल तर विचारायलाच नको. ती स्वतः एकही अंडं न घालता दिवसभर सगळ्यांची अंडी पोटाखाली घेऊन बसेल. ओरडण्यावरही जाऊ नका. एक ओरडली की दुसऱ्या सूर धरतात, कोंबडाही त्यात सामील होतो.

आता टोपली ओता आणि तीन ढीग करा. पांढरंशुभ्र अंडं लेगहॉर्नचं. तिथे वादच नाही, तुमच्या कळपात पांढरं अंडं देणारी तीच एक. दुसरा ढीग मोठ्या तपकिरी अंड्यांचा. त्यावर पाचजणींचा हक्क सांगता येतो : तीन आर.आय.आर. आणि दोन वनराज. तिसरा ढीग लहान, मळकट पांढऱ्या किंवा फिकट तपकिरी अंड्यांचा. तो दोन गावठी आणि दोन कडकनाथ यांचा. म्हणजे तुमचं भांडण दोन ढिगांत विभागलं गेलं, आणि एका ढिगातली कोंबडी दुसऱ्या ढिगात सहसा डोकावणार नाही. रंगाचं काम इथपर्यंतच. यापुढे रंगावर भांडलात तर दोघीही हराल.

का ते सांगते. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. त्यातले जवळजवळ २० तास कवच चढण्यात जातात, आणि तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणूनच तपकिरी अंडं फोडलं की आतून कवच पांढरं दिसतं. तो रंग कोंबडीगणिक ठरलेला असतो हे खरं, पण तो हलतोही. अंड्याचा हंगाम सुरू झाला की सुरुवातीची अंडी गडद असतात, पुढे पुढे फिकी पडत जातात. खुराड्यात रात्री कुत्रं घुसलं, वीज कडाडली, कोंबडी घाबरली आणि तिने अंडं वेळेवर सोडलं नाही, तर तपकिरीवर चुन्याची पांढुरकी भुकटी चढते. तेच अंडं, तीच कोंबडी, आणि टोपलीत मात्र परक्यासारखं दिसतं. शिवाय वनराज ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने संकरातून तयार केलेली जात. तिच्या दोन बहिणींच्या अंड्यांतसुद्धा छटेचा फरक दिसतो. आर.आय.आर. आणि वनराज यांची अंडी शेजारी ठेवून मलाही खात्रीने सांगता येणार नाही. जो सांगतो म्हणेल त्याच्याशी पैज लावा.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग कळतो असंही तुम्ही ऐकलं असेल. पांढऱ्या पाळीची कोंबडी पांढरं अंडं देते, लाल पाळीची तपकिरी. शुद्ध जातींत हे बऱ्यापैकी जमतं. तुमची लेगहॉर्न आणि आर.आय.आर. बघा, पटेल. गावठीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचं रक्त मिसळलेलं असतं, तिथे पाळी बघून काही हाती लागत नाही. पिसांच्या रंगाचा तर अंड्याशी काडीचा संबंध नाही.

तर आता अंडी सोडा आणि कोंबड्या धरा. खरी रीत ही की आधी अंडी न देणाऱ्या बाहेर काढायच्या. पाचजणींपैकी दोघी बंद आहेत असं कळलं की उरलेलं कोडं निम्मं होतं.

हे काम रात्री करा. दिव्याच्या मंद उजेडात कोंबड्या दांडीवर शांत असतात, धरल्या तरी फडफडत नाहीत. एकेक कोंबडी काखेत घ्या आणि मागची वाट, म्हणजे अंडं बाहेर पडतं ती जागा, तपासा. अंडी देणारीची वाट रुंद, ओलसर, फिकट असते. न देणारीची आखडलेली, कोरडी, गोल. मग त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बोटांना दोन बारीक हाडांची टोकं लागतील. त्यांच्यात तुमची दोन-तीन बोटं आडवी मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, म्हणजे सध्या अंडी देते आहे. एकच बोट जेमतेम मावत असेल तर नाही. पोट मऊ, सैल लागलं पाहिजे, चरबीने टणक नको. तुरा मोठा, लाल, तेलकट असेल तर उत्तम. सुरकुतलेला, फिकट, खवले धरलेला असेल तर ती सध्या बसून खाते आहे.

आर.आय.आर., वनराज आणि लेगहॉर्न यांच्यासाठी आणखी एक खूण आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. या कोंबड्यांची कातडी पिवळी असते. अंडी सुरू झाली की खाद्यातला पिवळा रंग बलकात जायला लागतो आणि अंगावरचा पिवळेपणा ठरलेल्या क्रमाने उतरतो : आधी मागच्या वाटेभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग कानाच्या पाळीचा, मग चोच मुळाकडून टोकाकडे, आणि सर्वांत शेवटी पाय. वाटेजवळचा रंग थोड्याच दिवसांत जातो, चोचीला महिना-दीड महिना लागतो, पाय पांढुरके व्हायला काही महिने. अंडी थांबली की रंग परत भरतो, त्याच क्रमाने. म्हणजे चोचीच्या मुळाशी पिवळी पट्टी आणि पुढे पांढरं दिसलं तर ओळखा की बाईंनी नुकतंच काम बंद केलं आहे. आता गंमत बघा. पाय पिवळेधमक, पिसं चकचकीत अशी कोंबडी लोकांना आवडते आणि ती ठेवतात. पायाने पांढरटलेली, पिसं झिजलेली कोंबडी आठवडी बाजारात नेऊन विकतात. विकतात ती बहुतेक वेळा कळपातली सगळ्यांत कामसू असते. खात्यात असताना ही विक्री मी कितीतरी दारांत थांबवली आहे.

कडकनाथला ही खूण लावू नका. तिची कातडी, चोच, पाय सगळं काळं, तिथे पिवळं उतरणार तरी कुठून! तिच्यासाठी हाडांतलं अंतर आणि मागची वाट एवढंच. गावठीचे पाय पिवळे असतील तरच रंगावरून काही कळेल.

अंड्यावर कोण आहे हे कळलं की पायात खुणा बांधा. प्लास्टिकच्या रंगीत कड्या मिळतात. नसतील तर लोकरीचे वेगवेगळ्या रंगांचे धागे चालतात, फक्त सैल बांधा आणि आठवड्याला बघत जा, नाहीतर पायात रुततात. तुमच्या तीन आर.आय.आर. एकमेकींसारख्या दिसत असणार, त्यांना धागा हवाच.

मग अंड्यांचा कागदी ट्रे आणा, ३० खळ्यांचा. पंधरवडाभर अंडी दिवसातून चारदा गोळा करा. दुपारी एकदाच आणलीत तर वेळेचा पुरावा हातचा जातो. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहा, पेनाने नको. मग एकसारखी दिसणारी अंडी एका ओळीत लावत जा. लांबट की वाटोळं, टोक निमुळतं की बोथट, कवचावर बारीक पुरळ की गुळगुळीत, ठिपके कुठल्या बाजूला. कोंबडीच्या अंड्याचा आकार रंगापेक्षा जास्त टिकून असतो. तो कवच चढण्याआधी, आतली पातळ कातडी तयार होते तेव्हाच ठरतो आणि रोज थोड्याफार फरकाने तोच येतो. आठ-दहा दिवसांत ट्रेमध्ये घराणी वेगळी दिसायला लागतात. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर वजनही लिहा. आर.आय.आर. आणि वनराजचं अंडं ५५ ते ६० ग्रॅमच्या आसपास, गावठीचं त्याहून बरंच हलकं. नव्या तलंगेचं, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीचं, पहिलंवहिलं अंडं लहान असतं, ते वजनावरून गावठीच्या ढिगात टाकू नका.

वहीत आणखी दोन गोष्टी आपोआप उघड होतात. एक, कोणतीही कोंबडी दिवसाला एकापेक्षा जास्त अंडं देत नाही, लाखात एखादा अपवाद सोडून द्या. तेव्हा एकाच सकाळी चार तपकिरी अंडी आली तर जाऊबाईंच्या दोन वनराजची ती चारही असू शकत नाहीत, निदान दोन तुमची. तुमच्या भांडणाचा अर्धा निकाल एवढ्यावर लागावा. दोन, अंडं पोटात तयार व्हायला एका दिवसाहून जरा जास्त वेळ लागतो, म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते. आज सातला, उद्या आठला, परवा साडेनऊला, असं करत दुपारपर्यंत गेलं की एक दिवस खाडा, आणि परत सकाळी लवकर सुरुवात. ही सरक वहीत दिसली की एका ओळीतली अंडी एकाच कोंबडीची आहेत याची खात्री पटते. दोन कोंबड्यांची सरक एकत्र झाली असेल तर तेही कळतं, कारण वेळा एकमेकींना छेदतात.

आता ओळीला नाव द्यायचं. इथे चार उपाय आहेत आणि मी ते माझ्या आवडीच्या क्रमाने सांगते.

पहिला, सकाळी चाचपणं. आपल्या आज्या करायच्या तेच. रात्रभर कवच चढत असतं, म्हणून पहाटे खुराडं उघडण्याआधी अंडं पोटात कडक झालेलं असतं. एका हाताने कोंबडी छातीखाली धरा, दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या बाजूने पोटाखाली घ्या आणि हलकेच दाबा. आत कडक गोलवा लागला तर आज तिचं अंडं आहे. जुन्या बायका बोट आत घालून बघायच्या. ते करू नका, जखम होते, घाण आत जाते, आणि बाहेरून लागत असताना गरजही नाही. ज्या दिवशी पाच संशयितांपैकी दोघींच्याच पोटात अंडं लागलं आणि दोनच तपकिरी अंडी आली, त्या दिवशी नावं सापडली.

दुसरा, डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. जिचा संशय आहे तिला रात्री अंधारात उचलून डालग्याखाली झाका, पाणी आणि मूठभर दाणे ठेवा, दुपारपर्यंत राहू द्या. अंडं आत मिळालं की साक्षीदाराची गरज नाही. मात्र एका दिवसावर निकाल देऊ नका. नव्या जागेत कोंबडी बावरते आणि अंडं काही तास धरून ठेवते. आणि डालगं सावलीत हवं.

तिसरा, रंग लावणं. केकवर लावतात तो घट्ट खाण्याचा रंग घ्या, पातळ नको, तो लगेच वाळतो. पहाटे बोटाने मागच्या वाटेच्या कडेला लावा. अंडं बाहेर पडताना त्यावर रेघ उमटते. दोन कोंबड्यांना दोन रंग. मात्र लाल रंग वापरू नका. कोंबड्या लाल दिसेल तिथे टोचतात, आणि मागच्या बाजूला टोचायला सुरुवात झाली की रक्त निघेपर्यंत थांबत नाहीत. हिरवा, निळा चालेल. लिपस्टिकचा सल्ला पुष्कळजण देतात. तीही लाल-गुलाबीच असते, शिवाय अंडं खायचं आहे.

चौथा, जुना मोबाइल. खोक्यासमोर खुंटीला अडकवा आणि सकाळी सहा ते बारा चित्रण चालू ठेवा. घरात शाळकरी पोर असेल तर हे त्याचं काम. कोण किती वेळ बसली आणि उठल्यावर अंडी किती वाढली, एवढंच पुढे ढकलत बघायचं.

सरकारी आणि विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर यासाठी सापळ्याचं खोकं वापरतात. कोंबडी आत शिरली की झडप मागे पडते आणि कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत ती आपल्या अंड्यासकट आत राहते. याहून पक्का पुरावा नाही. १५ किलोच्या तेलाच्या डब्यापासून घरी करताही येतं. पण माझा सल्ला, करू नका. दर अर्ध्या-पाऊण तासाने जाऊन कोंबडी सोडवावी लागते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या डब्यात विसरलात तर कोंबडी उष्म्याने मरते. दोघी जावा शेतावर जात असाल तर हा उद्योग परवडायचा नाही.

लहान अंड्यांच्या ढिगासाठी मात्र वेगळीच सोय निसर्गाने केली आहे. गावठी खुडुक होते, आर.आय.आर. आणि लेगहॉर्न क्वचितच. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते. ती ज्या दिवशी खुडुक झाली त्याच सुमारास ट्रेमधली कुठली ओळ रिकामी पडली ते बघा. ती ओळ तिची. यासाठी कोंबडीला हातसुद्धा लावावा लागत नाही. पिसं गाळायला लागलेल्या कोंबडीचंही तसंच.

कडकनाथच्या भावाबद्दल एक सांगते, जाऊबाईंनाही वाचून दाखवा. कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरंच असतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूरकडचा हा पक्षी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडे मागणी वाढली. अंडं दिसायला गावठीसारखंच, त्यामुळे गिऱ्हाईक फक्त तुमच्या शब्दावर जादा पैसे मोजतं. तेव्हा ज्या अंड्याची ओळ ठरलेली नाही ते कडकनाथचं म्हणून विकू नका. दोन कडकनाथ मिळून दिवसाला दोनपेक्षा जास्त अंडी देणार नाहीत, आणि वर्षाचा हिशेब धरला तर रोज एकसुद्धा देणार नाहीत. त्या वर्षाला साधारण शंभरच्या आतबाहेरच देतात.

आणि हे सगळं रोज करत बसू नका. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि उन्हाळा लागायच्या आधी, पंधरवडाभर वही ठेवा. त्यातून जो वाटा निघेल त्या प्रमाणात पुढचे सहा महिने टोपली वाटा. निम्मी-निम्मी वाटणीत सध्या बहुधा तुमचं नुकसान होतं आहे, कारण तुमच्याकडे सहा कोंबड्या आणि त्यांत लेगहॉर्न, आर.आय.आर. या भरपूर अंडी देणाऱ्या. पण लेगहॉर्न जुनी आहे, तिला आधी तपासा.

प्रश्न : आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. त्यातली एक रोज ओरडत येते, पण अंडं कुठेच मिळत नाही. परवा बांबूच्या बेटात चौदा अंडी सापडली, दोन रंगांची. ती एकीची की दोघींची? खाण्याजोगी आहेत का? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : दोन रंग ठळक वेगळे असतील तर दोघींची. एक कोंबडी छटा बदलते, रंग बदलत नाही. एकीने जागा शोधली आणि दुसरीने अंडी बघून तिथेच घालायला सुरुवात केली, असं नेहमी होतं.

पुढच्या वेळी बेटं धुंडाळण्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे पहाटे चाचपा. जिच्या पोटात अंडं लागेल तिला खुराड्यातच ठेवा, बाकीच्या सोडा. दहा-साडेदहाला तिला सोडलंत की अंडं अगदी तोंडाशी आलेलं असतं, ती सरळ आपल्या जागेकडे धावते. तुम्ही लांबून मागे जा. जवळ गेलात तर ती दाणे टिपण्याचं नाटक करत भलतीकडेच नेईल. जागा सापडली की सगळी अंडी एकदम उचलू नका, एखाद-दुसरं खूण करून ठेवा, नाहीतर ती नवी जागा शोधेल. कायमचा उपाय म्हणजे आठवडाभर सगळ्यांना अकरापर्यंत बंद ठेवणं आणि आत भाताच्या पेंढ्याचं अंधारं खोकं मांडणं. मुंगूस बांबूच्या बेटात तुमच्या आधी पोहोचतं हे तुम्हाला कोकणात सांगायला नको.

चौदा अंडी पाण्यात सोडा. तळाला आडवं पडलं ते ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर जुनं, वेगळ्या वाटीत फोडून वास बघून वापरा. तरंगलं ते फेका. दोघी मिळून घालत असतील तर चौदा अंडी म्हणजे आठवड्या-दीड आठवड्याचा साठा, बरीचशी चांगली निघतील. मात्र एखादी त्यावर बसून उबवायला लागली होती का, हे अंधारात बॅटरीवर धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते अंडं खाण्याचं राहिलं नाही.

प्रश्न : योजनेत मिळालेल्या एकाच जातीच्या, एकाच वयाच्या तलंगा आता अंड्यावर आल्या आहेत. रोज एक अंडं पातळ कवचाचं, हातात धरलं की फुटणारं. सगळ्या सारख्याच दिसतात, दोषी कशी शोधू? — एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : इथे अंड्याच्या रंगावरून काही कळणार नाही. आधी बघा अंडं सापडतं कुठे. पातळ किंवा बिनकवचाचं अंडं पुष्कळदा रात्री दांडीवरूनच खाली पडतं. कोंबड्या रोज साधारण ठरल्या जागी झोपतात. दांडीखाली गोणपाट पसरा, डाग कुठे पडतो ते बघा आणि त्या वर झोपणाऱ्या दोघी-तिघींनाच खुणेचे धागे बांधा. मग त्यांना रंग लावा किंवा रात्री वेगवेगळ्या डालग्यांखाली ठेवा. सगळा कळप हाताळायची गरज नाही.

नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेची पहिली काही अंडी अशी निघतात आणि पुढे सुधारतात. तोवर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी झोपायच्या आधी मिळेल असा ठेवा. कवच रात्री चढतं, तेव्हा चुना पोटात असलेला बरा. एकीचाच दोष असेल तर महिनाभर वाट बघा, तरीही न सुधारल्यास तिची अंडी उबवायला ठेवू नका. मात्र अशी अंडी एकावरून चार-पाचांवर गेली, त्यांना वळ्या दिसू लागल्या, कोंबड्या शिंकू लागल्या, तर शोध थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तो एका कोंबडीचा प्रश्न नाही, रोग असू शकतो.

प्रश्न : निळ्या-हिरव्या अंड्यांचे व्हिडिओ बघितले. रंगवलेली असतात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : रंगवलेलीही असतील, पण निळं अंडं खरंच असतं. चिलीमधली अराउकाना आणि तिच्यापासून झालेल्या जाती निळी अंडी देतात. एका जुन्या विषाणूचा तुकडा या कोंबड्यांच्या गुणसूत्रात घुसून बसला आणि त्यामुळे कवचात निळा रंग यायला लागला, असं २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. खाणाऱ्याला त्याचा काही अपाय नाही. तपकिरी रंग वरून चढतो, निळा मात्र कवचात आरपार असतो. अंडं फोडून कवच आतून बघा. आतही निळसर दिसलं तर खरं, पांढरं असेल तर रंगवलेलं. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडं हिरवट दिसतं. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणारे मुद्दाम अशा वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवतात. त्यांच्या टोपलीत कोणाचं कुठलं हे चटकन कळतं, आपल्याकडे तपकिरीच्या गर्दीत कळत नाही. चवीत, पोषणात काही फरक नाही, तेव्हा जास्त पैसे देऊन अंडी मागवायच्या आधी विचार करा.

प्रश्न : चांगल्या अंडी देणाऱ्या कोंबडीचीच अंडी खुडुक कोंबडीखाली ठेवायची आहेत. तिची अंडी ओळखता येतात, पण कोंबडे दोन आहेत. पिल्लू कुठल्या कोंबड्याचं हे कसं कळणार? — एक वाचक, संगमनेर

उत्तर : अंड्यावरून नाही कळणार. नको असलेला कोंबडा आधी वेगळा करा आणि तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस जिवंत राहतं, म्हणून त्याआधीची अंडी खाण्यात काढा. तीन आठवड्यांनंतर तिची अंडी साठवायला लागा, टोक खाली करून, थंड जागी, आठवड्याच्या आत. त्यावर पेन्सिलीने खूण हवीच, कारण खुडुक बसल्यावरही दुसऱ्या कोंबड्या मध्येच येऊन तिच्याखाली ताजी अंडी घालून जातात. रोज संध्याकाळी ती दाणापाण्याला उठली की बिनखुणेची अंडी काढून घ्या. तसं केलं नाहीत तर २१ व्या दिवशी पिल्लं निघायला लागतील आणि खाली अर्धवट उबलेली अंडी उरतील.